डोळे मिटले की डावीकडे

फिरून गोळा टाकायच्या पद्धतीत माणूस पडायची जागा ठरलेली असते. वर्तुळाच्या मागच्या कडेला, मैदानाकडे पाठ करून आपण उभे राहतो. चार किलोचा गोळा मानेला चिकटलेला असतो. मग अंग डावीकडे वळवायचं, सगळा भार डाव्या चवड्यावर घ्यायचा आणि उजवा पाय लांबून फिरवून वर्तुळाच्या मध्यात आणायचा. तो पाय टेकेपर्यंत तुम्ही एका चवड्यावर फिरत असता. तिथे तोल गेला की पुढचं सगळं गेलं, मग हातात कितीही जोर असो.

मी नेमकी तिथे पडायला लागले. माझं तंत्र चुकतंय असं मला सांगण्यात आलं. तंत्र बरंच चांगलं होतं. माझ्या डाव्या कानाच्या आत, तोल सांभाळणाऱ्या नसेवर, मोठ्या बोराएवढी गाठ होती.

माझ्यासारखाच रिपोर्ट हातात घेऊन कोणी आज दवाखान्याच्या बाकावर बसलं असेल, तर हे त्याच्यासाठी आहे. औषधांची नावं मी सांगणार नाही, ती डॉक्टर सांगतील. भीतीबद्दल लोक सांगतातच. रागाबद्दल मला कोणी काही सांगितलं नव्हतं, आणि मला भीतीपेक्षा राग जास्त आला.

सरांनी सोडून दिलेला व्यायाम

आम्ही पेणजवळच्या जोह्याचे. आमच्याकडे घरटी गणपतीचा कारखाना, आमचाही आहे. आई शेत बघते, बाबा आखणी करतात. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणं. हे काम गावात मोजकेच लोक करतात. बाकी सगळा रंग चुकला तर पुसता येतो, पण डोळा तिरका गेला तर गिऱ्हाईक मूर्तीसमोर उभंही राहत नाही. त्यामुळे बाबांचा गावात मान आहे, आणि त्यांची नजर सगळीकडे असते, असं आम्ही घरात चेष्टेनं म्हणायचो.

गोळा शिकायला मी आठवड्यातून चार दिवस रोह्याला जायचे. जोह्याहून मिनीडोर रिक्षानं पेण, तिथून गाडीनं रोहा. तिथे म्हात्रे सर होते. कंपनीत शिफ्ट करून मैदानावर यायचे, आमच्याकडून काही घ्यायचे नाहीत. त्यांनीच मला सरकत टाकायची जुनी पद्धत सोडायला लावली आणि फिरायला शिकवलं. मी त्यांना देव मानायचे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

तोल सुधारायला सर एक व्यायाम घ्यायचे. डाव्या पायावर उभं राहायचं, डोळे मिटायचे, आणि ते दहा मोजेपर्यंत हलायचं नाही. त्या वर्षी गणपती, भातकापणी उरकल्यावर पहिल्यांदा हा व्यायाम घेतला, तेव्हा मी तीन मोजायच्या आत पडले. परत केला, परत पडले. दर वेळी डावीकडे. सरांनी पाचसहा वेळा करून घेतला आणि मग म्हणाले, "राहू दे. तुला याची गरज नाय."

मला काय वाटलं असेल? मला वाटलं आपण या व्यायामाच्या वरच्या इयत्तेत गेलो. घरी येऊन मी आईला फुशारकीनं सांगितलंसुद्धा की सरांनी मला त्यातून सूट दिली.

भिंतीवरचे ठिपके

पुढच्या आठवड्यात बाबांनी कारखान्याच्या मागच्या भिंतीवर तीन ठिपके काढले. पुढे भात कापलेलं मोकळं शेत होतं, तिथे मी चुन्यानं वर्तुळ आखलं होतं. बाबा स्वतः वर्तुळात उभे राहिले, माझ्यासारखे गुडघ्यात वाकले, मान फिरवून बघितली आणि नेमके माझ्या डोळ्यांच्या उंचीला ठिपके दिले. आखणीचं काळं, त्याला पांढरी कड.

"मूर्तीला पयली नजर देतो आम्ही," ते म्हणाले. "नजर ठरली की मूर्त जागेवर बसते. तू एका ठिपक्यावरनं नजर उचल आनि दुसऱ्यावर ठेव. मधे कायच बघू नको."

मला ते इतकं आवडलं की मी त्यांच्या पाया पडले. आणि जमलंही. पंधरा दिवसांत मी मागच्या कडेवरून न पडता निघायला लागले. डोळे ठिपक्यावरून ठिपक्यावर उडी मारायचे, अंग त्यांच्या मागून यायचं. रोह्याच्या मैदानावर सरांनी कुंपणाच्या खांबांना फडकी बांधून तशीच सोय केली. गोळा लांब जायला लागला. सर म्हणाले, तोल सुधारला.

आता सांगते ते मला डॉक्टरांनी नंतर समजावलं. माणसाचा तोल कान, डोळे आणि पाय असे तिघं मिळून सांभाळतात. माझा एक कान कामातून जात होता आणि आम्ही सगळा बोजा डोळ्यांवर टाकून दिला होता. जितका सराव जास्त, तितका आजार झाकला जात होता. माझा तोल सुधारलाच नव्हता, पडणं तेवढं थांबलं होतं.

एक माझंही पाप लिहून टाकते. फोन मी कधीपासूनच उजव्या कानाला लावत होते. डाव्या कानात सतत गिरणी चालू असल्यासारखा आवाज असायचा. मैत्रिणींना सांगायचे, थंडी झाली. स्वतःलाही तेच सांगायचे.

निवड चाचणी

राज्य स्पर्धेच्या निवड चाचणीचं मैदान माझ्यासाठी नवीन होतं. समोर भिंत नाही, खांब नाही, नुसती मोकळी जागा आणि वर पांढरं आभाळ. मी वर्तुळात उभी राहिले, वळले, आणि डोळ्यांना ठेवायला कुठे जागाच मिळाली नाही. तिन्ही वेळा डावीकडून बाहेर पडले. तिसऱ्यांदा गोळा हातातून सुटून बाजूला गेला आणि एका पंचांना उडी मारून बाजूला व्हावं लागलं.

चाचणीत जमलं असतं तर खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस भरतीची वाट मोकळी होती. घरात सगळ्यांची भिस्त त्यावरच होती, माझी तर होतीच.

सर एवढंच म्हणाले, "घाबरलीस." घरी आल्यावर मला उलट्या झाल्या आणि दोन दिवस उभं राहता येईना. बाबा म्हणाले, उन्हाचं झालं असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी आईनं साडी नेसता नेसता मला सांगितलं, "चल पेणला. तुला हाक मारली की तू भलतीकडं बघतंस. मी बघतंय कवापासून."

पेणच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टर बाई माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी कानात बघितलं, धातूचा काटा वाजवून कानाशी धरला आणि म्हणाल्या, "डोळे मिट, हात पुढे कर आणि जागच्या जागी पावलं टाक. पन्नास."

मी टाकली. मला पूर्ण खात्री होती की मी तसूभर हललेले नाही. डोळे उघडले तर समोर डॉक्टर बाई नव्हत्याच, औषधांचं कपाट होतं. मी डावीकडे वळून कोपऱ्यात तोंड करून उभी होते. मागून आईचा आवाज आला, "अगं बाय." तोही मला वाटला त्या बाजूनं आला नव्हता.

पुढे मोठं मशीन, रिपोर्ट, मुंबईचं मोठं सरकारी इस्पितळ. गाठ साधी होती, जिवावरची नव्हती, पण वाढलेली होती आणि काढायलाच हवी होती. डाव्या कानाचं ऐकू येणं जाणार, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं. मी विचारलं, लवकर आले असते तर वाचलं असतं का? ते म्हणाले, "सांगता येत नाही. कदाचित."

या 'कदाचित'नं मला आजारापेक्षा जास्त छळलं. 'हो' म्हणाले असते तर कोणाला तरी शिव्या घालून मोकळी झाले असते. 'नाही' म्हणाले असते तर गप्प बसले असते.

वॉर्ड

ऑपरेशननंतर आठवडाभर पलंग गोल फिरत होता. साध्या बसण्याला दोन माणसं लागायची. मी, जी फिरून गोळा टाकायची. सकाळी तापमान, मग चहा, मग डॉक्टरांचा राउंड, मग साफसफाईवाल्या मावशी पाय वर करायला सांगायच्या आणि त्या पाय वर करण्यातही छत कलंडायचं.

चेहऱ्याची डावी बाजू लुळी पडली होती. डोळा मिटायचा नाही, रात्री त्यावर चिकटपट्टी लावायचे. पाणी प्यायले की ओठाच्या कोपऱ्यातून गळायचं. बरं होईल म्हणाले आणि पुष्कळसं झालंही, पण बाबा पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा ते मला बघून थबकले. हजारो डोळे सरळ काढणारा माणूस माझ्या वाकड्या डोळ्याकडे बघत होता. त्यांनी नजर खाली घातली आणि पिशवीतले चिकू मोजल्यासारखं करत बसले. मला तेव्हा वाटलं, माया आहे.

शेजारच्या पलंगावर खाडीपट्टीतल्या हिरामावशी होत्या. नवऱ्याचं मिठागर, आयुष्य उन्हात गेलेलं, आता डोक्याचं ऑपरेशन. मला डाव्या कानानं ऐकू येत नाही हे त्यांच्या दुसऱ्याच दिवशी लक्षात आलं. त्यांनी कोणाला न विचारता माझ्याकडे येणाऱ्यांचं स्टूल उचलून उजव्या बाजूला ठेवलं. नर्सनं परत डावीकडे ठेवलं की त्या परत उचलायच्या.

"या कानाला दार हाय," त्या येणाऱ्याला सांगायच्या. "त्या कानाला भिंत. भिंतीशी बोलू नका."

त्या आठवड्यात मी एकदाच हसले, ते यावर. अर्ध्याच तोंडानं हसले, पण हसले.

सर घरी आले

घरी येऊन महिना झाला होता. मी भिंतीला हात लावून न्हाणीघरापर्यंत जायला लागले होते. एका दुपारी सर आले. आईनं चहा टाकला. सर बोलायला लागले ते थांबेचनात. मैदान, मुली, शिफ्ट. शेवटी म्हणाले, "मला शंका आली होती. तो डोळे मिटायचा व्यायाम घेतला तेवाच. असा एकाच बाजूला माणूस पडत नाय."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय. मी बाबांना बोललो होतो ना तुझ्या. मी लपवून नाय ठेवलं." हे ते अगदी मनापासून, आपली बाजू साफ करावी तसं म्हणाले. "बोललो, कानाच्या डॉक्टरला दाखवा, पन चाचणी झाल्यावर दाखवा. आता दाखवलंत तर ते खेळ बंद करतील. तवर काय सोय करता येते बघू. ते ठिपके त्यांनी काय मस्त काढले."

चहा गाळता गाळता आईचा हात थांबला. बाबा कारखान्याच्या दारात उभे होते. हातात बारीक ब्रश होता, रंग टोकाशी जमून जमिनीवर पडत होता. मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

सरांवर मी रागावले, पण तो राग मला पेलला. ते परके होते, त्यांना पदक हवं होतं, ठीक आहे. बाबांचं मला पेलेना. मी त्या ठिपक्यांसाठी त्यांच्या पाया पडले होते. मला वाटलं होतं बापानं लेकीसाठी आपली कला भिंतीवर मांडली, आणि त्यांनी तर मी पडू नये म्हणजे कोणाला कळू नये याची सोय केली होती.

आईनं भांडण केलं नाही. ती दुसऱ्या दिवशी चुन्याची बादली घेऊन मागच्या भिंतीपाशी गेली आणि तिन्ही ठिपके पुसून टाकले. मग बाबांचं ताट वाढायचं, पाटावर ठेवायचं आणि शेतावर निघून जायचं, असं तिनं सगळा मोसम चालवलं. कारखान्यात गणपतीची गडबड होती, माणसं येत-जात होती, आणि आमच्या घरात बाबांशी कोणी हूं की चूं करत नव्हतं. आजारपणात घर जवळ येतं म्हणतात. आमचं नाही आलं. तुमचंही आलं नाही तर तुमचंच काही चुकलं असं समजू नका.

पायांना विचारणं

पेणला एक ताई तोलाचे व्यायाम शिकवायच्या. त्या म्हणाल्या, भिंतीवर डोळ्यांसमोर एक खूण कर, नजर तिच्यावर ठेवून मान हलव. बाबा दारातूनच म्हणाले, "मी देतो काढून." मी म्हटलं, नको. आईच्या पाकिटातली एक टिकली घेतली आणि भिंतीला चिकटवली.

पण माझ्या लक्षात आलं की नजरेच्या भरवशावर मी पूर्वीही उभी राहिले होते. मला आता पाय हवे होते. ताईंना विचारलं तर म्हणाल्या, बरोबर आहे, पण घाई नको आणि एकटी नको. मग मी शेताच्या बांधावर अनवाणी चालायला लागले. आधी आईचा खांदा धरून, मग नुसती ती मागे. डाव्या तळव्याखाली माती कुठे दाबते, अंगठ्याखाली की करंगळीकडे, एवढंच बघायचं. भार करंगळीकडे गेला की मी पडणार, हे कळायला दोन महिने लागले. कळलं तसं पडणं कमी झालं. मग डोळे मिटून दोन पावलं, चार पावलं. खूपदा चिखलात बसले. आई म्हणायची, "भात लावायची वेळ आली की बस चिखलात, उपयोग होईल."

याच्यात मला गोळाफेकीचं जे कळलं ते सर तीन वर्षांत शिकवू शकले नव्हते. मागच्या कडेवरून निघताना मी घाई करायचे. डाव्या चवड्यावर भार पूर्ण येण्याआधीच खांदे फिरवायचे, मग डोळ्यांनी स्वतःला ओढून घ्यायचे. आता मला ओढायला कोणी नव्हतं. आधी पाय, मग गुडघा, मग कंबर, खांदे सगळ्यात शेवटी. हळू, पण स्वतःच्या जिवावर.

रोहा

गणपती गेले, भातं पिवळी झाली आणि मी एकदा रोह्याला जायचं ठरवलं. सर पहिल्या शिफ्टला असतील, मैदानावर नसतील, असा दिवस बघून ठरवलं, खोटं कशाला बोलू. आईला कापणी होती. बाबा म्हणाले, "मी येतो." मी नाही म्हटलं नाही, कारण गोळा उचलून नेण्याइतका माझा पाय अजून भरवशाचा नव्हता.

सबंध वाट बाबा माझ्या उजव्या हाताला चालत होते. आमच्या घरात उजवीकडून चालायला सगळ्यात आधी तेच शिकले होते. आई अजून विसरते, बाबा कधी विसरत नाहीत.

मैदान रिकामं होतं. मी बूट काढले, वर्तुळात मागच्या कडेला उभी राहिले आणि गोळ्याशिवाय एकदा सावकाश फिरले. डोळे मिटून. मधे पाय टेकला, पुढे पाय टेकला, आणि मी उभी होते. परत केलं. परत उभी होते. सहाव्यांदा किंचित हलले, पण बाहेर गेले नाही. मला रडू आलं आणि मी ते वर्तुळाच्या कडेवर बसून रडून घेतलं.

बाबा येऊन शेजारी बसले. डावीकडे.

थोड्या वेळानं मला मानेवर श्वास जाणवला. ते बोलत होते. ऐकू काहीच येत नव्हतं, पण त्यांचा हात गुडघ्यावर उघडत-मिटत होता आणि बोलणं बरंच लांबलं होतं. चुकून डावीकडे बसायला ते काही आई नव्हेत.

मी म्हटलं, "बाबा, इकडून बोला."

ते दचकले. "काय नाय. निघूया का म्हटलं."

"एवढा वेळ लागत नाही त्याला. इकडे या."

ते उठले, माझ्या मागून फिरून उजवीकडे आले आणि उकिडवे बसले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "सर बोलायच्या आधीपासनं म्हाईत होतं मला. गणपतीच्या आधी आखणी करत होतो, तुझ्या डाव्या अंगाला बसून. हाक मारली तर तू बघलंच नाय. मग मी मुद्दाम मारली. तीनदा. हळू, मग जोरात." त्यांनी पायाजवळचा खडा उचलून लांब टाकला. "मला वाटलं भरती होऊ दे एकदा. मग बघू कानाचं."

"आणि तरी ठिपके काढलेत."

"व्हय."

मी वाट बघितली. मला वाटलं आता पुढे 'पण' येईल, तुझ्यासाठीच केलं येईल. काही आलं नाही. त्या सबंध वर्षात बाबांनी मला पुरती सांगितलेली ती पहिलीच गोष्ट होती, आणि ती ऐकून मला आधीपेक्षा जास्त दुखलं.

"माफ करशील गो?" त्यांनी विचारलं.

"नाय," मी म्हटलं. "आज तरी नाय. गोळा द्या."

त्यांनी पिशवीतून गोळा काढला, शर्टाला पुसला आणि माझ्या हातात दिला.